चंद्राची धूळ, मुक्काम पोस्ट कडा

बीड जिल्ह्यात फिरायला जाते म्हटलं की शहरातले लोक विचारतात, "तिकडं बघण्यासारखं काय आहे?" मी फेब्रुवारीत चार दिवस जाऊन आले, आणि उत्तर एका शब्दात देते. धूळ. बाकीचे लोक धूळ चुकवत प्रवास करतात, मी ती गाठायला निघाले होते. आणि ती हवी तिथे, हवी तशी सापडणं किती अवघड असतं, हे जन्म धुळीत काढूनसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी त्याच जिल्ह्यातली. केज तालुक्यातलं युसूफ वडगाव माझं गाव. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली तर अख्ख्या आळीत पहिली. हे मी जरा जास्त वेळा सांगते असं मैत्रिणींचं म्हणणं आहे. असू दे. मी नाही सांगितलं तर माझा मामा सांगतो, आणि तो फार वाढवून सांगतो. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

सध्या मी एका विद्यापीठात प्रकल्पावर काम करते. चंद्र, बुध, लघुग्रह यांच्या अंगावर जी धूळ बसली आहे, तिच्यावर पडलेला उजेड कुठल्या दिशेला किती परततो, हे मोजायचं. आता कोणी म्हणेल, यात मोजण्यासारखं काय? तर सांगते. अर्ध्या चंद्राच्या मानाने पौर्णिमेचा चंद्र किती उजळ असावा? दुप्पट, असंच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात तो दहापट उजळ असतो. ही करामत धुळीची. धुळीचा प्रत्येक कण शेजारच्या कणावर सावली टाकतो, आणि त्या बारीक बारीक सावल्यांनी चंद्र काळवंडतो. पौर्णिमेला मात्र सूर्य नेमका आपल्या पाठीशी असतो. त्या वेळी प्रत्येक कण आपली सावली आपल्याच मागे दडवतो, आणि आपल्याला नुसती उजळ तोंडं दिसतात. फोटोला उभं राहिल्यावर माणसं फाटका खिसा मागे वळवतात, तसंच.

चंद्रावरचे जे काळे डाग आपण ससा म्हणून पोरांना दाखवतो, ते थिजलेल्या लाव्ह्याचे. आपला मराठवाड्याचा काळा दगडही त्याच जातीचा. म्हणून मी मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, म्हटलं की चंद्राची धूळ आमच्या बीडला मिळेल. दोन पोती आणूनही दाखवली. त्यांनी एक पोतं उघडून बघितलं आणि बंद केलं.

"पोत्यात भरलेली धूळ ही धूळ नाही," त्या म्हणाल्या. "चाळणीतून पडलेलं पीठ आणि डब्यात दाबून भरलेलं पीठ सारखं असतं का? मला ती जशी पडली तशी, हात न लागलेली हवी. यंत्र घेऊन तू तिथे जा."

तीन जागा ठरल्या. गावची काळ्या मातीची धूळ, धारूरच्या डोंगरावरची मुरमाची, आणि कडा गावाजवळच्या एका दगड फोडणाऱ्या खडी क्रशरची. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण चंद्रावरचा दगड ऊनपावसाने झिजलेला नाही, उल्कांनी फोडलेला आहे. तिथे क्रशर वरून पडतो. सोमवारी सकाळी यंत्र परत हवं होतं, ते पुढे दुसऱ्या विद्यार्थ्याकडे जाणार होतं. प्रकल्पातली माझी जागाही महिनाअखेर संपत होती. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "क्रशरची मोजणी आली तर मी तुझं नाव पुढच्या वर्षासाठी पाठवू शकते. नुसत्या दोन जागांवर नाही पाठवता येणार."

म्हणजे वर्षभराची भाकरी एका क्रशरच्या धुळीवर येऊन ठेपली होती.

गुरुवार, युसूफ वडगाव

यंत्राचं सांगते. कंपासपेटीतला अर्धगोल कोनमापक लाकडात दोन हात मोठा करून उभा केल्यासारखं ते दिसतं. कडेला एक दिवा, एक उजेड मोजणारा डोळा, आणि खाली धूळ. दिवा जागेवर ठेवून डोळा हळूहळू त्याच्याजवळ सरकवत न्यायचा आणि दर थांब्याला डोळ्याला जोडलेल्या डबीवरचा आकडा लिहायचा. बाहेरचा उजेड नको म्हणून सगळ्यावर काळं कापड, आणि कापडाखाली मी.

आमच्या घरासमोरून शेताकडे गाडीवाट जाते. ट्रॅक्टरच्या चाकांनी तिथल्या मातीचं पीठ करून ठेवलंय, पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो. आम्ही त्याला फुफाटा म्हणतो. मी वाटेच्या कडेला कोणी न तुडवलेली हातभर जागा शोधली, वर यंत्र मांडलं आणि चहाला आत गेले. एक कप चहा. बाहेर आले तर जमीन काळीभोर, ओली, थंडगार वास सुटलेला, आणि यंत्राच्या बरोबर खाली रांगोळीचं आठ पाकळ्यांचं कमळ.

"आई! हे काय केलंस?"

"काय म्हंजे? सारी आळी येतीय तुझं मशीन बघायला. फुफाट्यात हुबं करू का लोकायला? सडा टाकला."

"आणि हे कुंकू?"

"नवं मशीन हाय. पूजा नगं का?"

कुंकू नेमकं उजेड मोजणाऱ्या डोळ्यावर लावलं होतं. तिच्या दृष्टीने तो कपाळच.

सकाळी उठल्यावर अंगणातली धूळ पाण्याने बसवायची, हे तिने मला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. आणि मी पदवीवर पदवी घेऊन आले ते हे सांगायला की धूळ तशीच राहू दे! डोळा ओल्या कापडाने पुसला, मग कोरड्या कापडाने पुसला, आणि यंत्र उचलून शेताच्या बांधाकडे नेलं. तिथे दुपारपर्यंत मोजणी झाली. आळी सगळी मागे मागे आली, पण मी कापडाखाली असल्यामुळे त्यांना बघायला फक्त माझे पाय मिळाले. जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. शहरात मी जी आमटी खाते तिला आता आमटी म्हणायला जीभ वळत नाही.

संध्याकाळी बबन मामा पिकअप घेऊन आला. आईचा धाकटा भाऊ. खडी वाहण्याचा धंदा, त्यामुळे जिल्ह्यातला प्रत्येक क्रशर त्याच्या ओळखीचा. कड्याच्या क्रशरची जागा त्यानेच ठरवली होती.

"फोन केला का मामा तिकडं?"

"केला की. काळजीच करू नको, माय. तू कोन हायस ते नीट समजावून सांगितलंय."

इथेच मला घाम फुटायला हवा होता.

शुक्रवार, धारूर

केजमार्गे धारूरला निघालो. वाटेत मामाच्या एका ओळखीच्या शेतात हुरडा भाजत होते, त्यांनी पिकअप अडवलीच. गरम हुरडा तळहातावर चोळायचा, फुंकर मारायची, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. फुंकर मारल्यावर जे फोलकट उडतं त्याकडे मी एकटक बघत राहिले, तर मामा म्हणाला, "खा गं. ते मोजू नको."

धारूरला डोंगर तांबूस, आणि किल्ल्याखालच्या पायवाटेवर मुरमाची बारीक धूळ. यंत्र मांडून कापडाखाली शिरले. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला.

"पासपोट साइज निघतंय का?"

डोकं बाहेर काढलं. शेरडं राखणारे एक म्हातारबाबा समोरच्या दगडावर बसले होते. पटका सारखा केलेला, मिशीला पाणी लावलेलं, हात गुडघ्यावर.

"बाबा, हा कॅमेरा नाही."

"मला नगं सांगू. काळ्या फडक्यात डोस्कं घालून आमच्या लग्नात फोटू काढला होता. त्यातबी मी डोळे मिटले होते. काढ आता."

मामाने समजावलं, मी समजावलं. बाबा हलेनात. शेवटी मी मोबाइलवर फोटो काढला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "मग हे येवढं लाकूड कशाला वाहून आणलंस?" पण मोजणी पूर्ण झाली, दुसरी जागा हातात आली, आणि आम्ही तिघं उन्हं कलता कलता किल्ल्याच्या तटावर जाऊन बसलो.

मावळतीकडे पाठ होती. आमच्या तिघांच्या सावल्या खालच्या धुळीच्या उतारावर लांब पडल्या होत्या. मी मामाला म्हटलं, "तुझ्या डोक्याच्या सावलीकडं बघ. भोवती उजेड दिसतोय का?"

मामाने डोळे बारीक केले, मग मोठे केले. "आयला! हाय की! देवाच्या फोटूत असतंय तसं!"

"ते धुळीमुळं. सूर्य बरोबर पाठीशी आहे ना, तिथल्या कणांच्या सावल्या कणांमागेच दडतात. पौर्णिमेच्या चंद्राचं हेच."

पण मामा ऐकत नव्हता. तो माझ्या सावलीकडे बघत होता. "तुझ्याभवती न्हाई गं मात्र."

"मामा, मला माझ्याच भोवती दिसतंय. तुझ्या डोक्याभोवती काही नाही."

"एम.एस्सी. झालीस म्हणून काय मामापेक्षा मोठी झालीस का?"

"अरे, ज्याचं त्यालाच दिसतं! तुझ्या डोळ्यांच्या मागं सूर्य आहे, म्हणून तुला तुझं दिसतं. माझ्या डोळ्यांना माझं."

आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तिन्ही सावल्या सावकाश बघितल्या, घसा खाकरला.

"तुमा दोघालाबी न्हाई," ते म्हणाले. "मलाच हाय."

आणि शेरडं घेऊन, मान ताठ ठेवून, ते खाली उतरले. माझ्या विषयावरची इतकी पुस्तकं मी वाचली, पण त्या संध्याकाळइतकं कळलं नव्हतं.

शनिवार, कडा

बीड, मग आष्टी, मग कडा. जिल्ह्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला आलो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. इकडची बोली ऐकली की नगर जवळ आल्याचं कळतं. भाकरी मात्र तीच, फक्त ठेचा जास्त तिखट.

क्रशरच्या फाटकापाशी पोहोचलो. जमीन ओली होती. नुसती ओली नाही, चिखल. दगड धुतलेले, खडीचे ढीग धुतलेले, क्रशरच्या पट्ट्यावर नवीकोरी हिरवी जाळी. कुंपणाच्या कडेने झाडांची रांग, त्यातली बरीचशी रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीसकट मातीत उभी केलेली. कामगारांच्या हनुवटीवर मास्क. दारात शाल आणि नारळ घेऊन मालक.

"या मॅडम, या! आमच्याकडं धूळ म्हणून सापडायची न्हाई."

"अजिबात नाही?" मी विचारलं.

"चिमूटभर न्हाई. सकाळधरनं दोन टँकर मारलेत."

मी मामाकडे वळले. "मामा, फोनवर तू नेमकं काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं की," मामा अभिमानाने म्हणाला. "मनलं, आमची भाची येतीय. मोठी साहेब हाय. इद्यापीठातनं खास धूळ तपासायला पाठवलीय. मशीन घेऊन."

मी मालकांना सांगितलं, मी कुठल्याही सरकारी खात्याची नाही, मला धूळच हवी आहे, जितकी जास्त तितकी चांगली. मालक समजूतदारपणे हसले.

"सगळे असंच म्हणतात मॅडम."

मग त्यांनी शेरेबुक पुढे केलं. पाहुण्यांनी दोन ओळी लिहायच्या. मी रागातच लिहिलं: 'धूळ आढळली नाही. अतिशय वाईट वाटलं.' खाली सही, नाव, एम.एस्सी.

मालकांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. खरंच रडू यायच्या बेतात होतं, लपवत नाही. त्यांनी सावकाश मुकादमाकडे मान वळवली.

"मग दोन टँकर कावून मारले बे आपण?"

मुकादमाने मामाकडे बोट केलं. मामा झाडांच्या पिशव्या मोजायला लागला.

माणूस वाईट नव्हता. चहा दिला, नारळ दिला, शाल मात्र परत आत गेली. "वाळायला दोन-तीन दिस लागतील," म्हणाले. "बुधवारी या. पाहिजे तेवढी धूळ उडवतो." पण माझा बुधवार सोमवारीच संपत होता. आणि वाळलेला चिखल म्हणजे धूळ नव्हे, ती पापडी. मॅडमनी पहिल्या आकड्यालाच ओळखलं असतं.

ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली. तिच्या मागच्या नळावर मी तोंड धुवायला गेले. तिथे एक बाई बादली विसळत होत्या. साफसफाईचं काम त्यांच्याकडे. वयाने आईएवढ्या, पदर खोचलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"कावून रडायलीस?"

"धूळ नाही मिळाली म्हणून."

त्यांनी मला वरून खाली बघितलं. धूळ मिळाली नाही म्हणून रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"वर बघितलं का? पत्र्यावर? तिथं कोन मारतंय पाणी."

मी वर पाहिलं. ऑफिसचं छप्पर खालून काही दिसत नव्हतं, पण कडेच्या पन्हळीतून राखाडी मऊ असं काहीतरी डोकावत होतं.

"किती दिवसांची आहे?"

"दिवाळीपासनची. वर झाडायचं काम माझंच हाय. शिडी मोडली, मी काय चढले न्हाई, कुणी इचारलं न्हाई." माझा हात घट्ट धरला त्यांनी. "मी सांगितलं म्हणून बोलू नको. मालकाला वाटतंय मी म्हैन्याच्या म्हैन्याला झाडते."

मी शपथ घेतली. रडू कुठल्या कुठे पळालं.

रविवार, पत्र्यावर

आदल्या संध्याकाळी मालकांना मी एवढंच म्हटलं होतं, छपरावर एकदा बघू का. ते म्हणाले, "बघा, पण वर काय असणार? आमचं छप्पर स्वच्छ असतंय. आणि आठला क्रशर चालू होनार, रविवार असला तरी. मग पत्रा हादरतोय." मागे नळावर बादली जरा जोरात आपटली.

सकाळी सातला मामाने पिकअप भिंतीला चिकटवून उभी केली आणि मी टपावर चढले.

"टप दबल गं!"

"मामा, दोन टँकर."

त्याने निमूट फळी वर सरकवली. त्या दिवसभरात तो शब्द मी अनेकदा वापरला, दर वेळी गुण आला.

आणि वर काय होतं, ते सांगते. पन्हळीपन्हळीतून पसरलेलं, करड्या रंगाचं, सायीसारखं मऊ, एकही पाऊल न पडलेलं रान. ताज्या फोडलेल्या काळ्या दगडाची सगळ्यात बारीक भुकटी, जी हवेत चढली आणि कोणी न टाकता आपोआप खाली बसली. एका कोपऱ्यात चिमणीच्या पायांची रांग होती, आणि तिथे एकेक ठसा असा कोरून निघालेला की मी श्वास रोखून बघत राहिले. जमिनीवर जी धूळ मिळाली असती, ती टायरांनी आणि बुटांनी दाबलेली. ही वरूनच आलेली होती आणि वरच राहिलेली. मॅडमनी मागितली होती त्याहून चांगली.

कडेला फळी टाकली, त्यावर यंत्र, वर कापड, कापडात मी. मामा मागे हौद्यात उभा, माझा पाय धरून. मी बजावून ठेवलं होतं, बोलायचं नाही, हलायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं सांगायलाच नको होतं.

पहिले आकडे सरळ आले. डोळा दिव्याच्या जवळ सरकवत नेला. खाली कामगार जमायला लागले. रस्त्याने एक ट्रॉली गाणं वाजवत गेली, पत्रा थरथरला, मी देवाचं नाव घेतलं, धूळ जागची हलली नाही. आठला दहा मिनिटं. आता फक्त शेवटचे थांबे, डोळा जवळजवळ दिव्याला चिकटलेला. सावल्या कणांमागे दडतात की नाही, ते इथेच कळतं.

"माय," मामा कापडाबाहेरून घुसमटत म्हणाला. "नाक."

"धर."

"धरलंय. तरी."

"मामा, दोन टँकर!"

सरकवलं. आकडा चढला. आणखी सरकवलं. आकडा एकदम असा उसळला की मी दोनदा पुसून डबी बघितली. डोळ्यावर कुंकू वगैरे काही नव्हतं. तीनदा मोजलं, तीनदा तेच. काळ्या मातीचा आणि मुरमाचा चढ या चढापुढे काहीच नव्हता. मी आकडा वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि ओरडले, "झालं!"

"झालं?" मामाने विचारलं, आणि चाळीस मिनिटं दाबलेली शिंक दिली.

राखाडी ढग उठला. टपावर मी, खाली मामा, पलीकडे हात जोडून उभे असलेले मालक, सगळे एका रंगाचे झालो. मालक डोळे चोळत छपराकडे बघत होते.

"येवढी धूळ? आमच्या छपरावर?"

"वाऱ्याने रात्रीत आली असेल," मी म्हटलं. एम.एस्सी. झाल्यावर विज्ञानाच्या नावाने मी एवढं एकच खोटं बोलले आहे. नळापाशी त्या बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. खांदे हलत होते.

आठ वाजले आणि क्रशर चालू झाला.

सोमवार, विद्यापीठ

यंत्र वेळेत पोचलं. मॅडमनी वही घेतली, तिसऱ्या जागेच्या पानावर त्या दोन रेघांपाशी बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "हे मी आजच पाठवते. आणि तुझं नावही." घरी फोन केला तेव्हा मामाच आधी बोलला, आणि आळीत आता मी नेमकी कुठल्या हुद्द्यावर आहे हे विचारायची मला हिंमत नाही.

पुढे शोधनिबंधाचा मसुदा दिला तेव्हा मॅडम आभाराच्या ओळीपाशी अडल्या. तिथे मी लिहिलं होतं: 'कडा परिसरातील एका सहकारी बाईंचे विशेष आभार.'

"नाव नाही?"

"नको म्हणाल्या."

"बरं. पण त्यांचं योगदान काय ते तरी लिही. त्यांनी नेमकं केलं काय?"

खोटं एकदा बोलून झालं होतं.

"काहीच नाही, मॅडम," मी म्हटलं. "साडेतीन महिने. एकही दिवस न चुकता."